पिवळ्या बाईचा नवरा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरणारा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड बोलतात. छत्री म्हणते, मी भिजले पण तुम्हाला कोरडं ठेवलं. फुटका माठ म्हणतो, तडा गेला तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. त्यांचं त्यांना लखलाभ. माझी तक्रार आहे. ज्याच्याबद्दल आहे त्याचं नाव मेहुल, बोईसरला त्याचं टाइल्सचं दुकान आहे, आणि त्याने माझ्या घरच्या माणसाचं जे केलं ते मी मोटर जळेपर्यंत विसरणार नाही.

पण नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा म्हातारा उगाच खवळलाय.

माझा जन्म परदेशातला. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं तेव्हा तिकडून जे इंजिनीअर आले, त्यांच्यातल्या एकाच्या सामानातून मी आलो. बरोबर एक खोकं भरून रेकॉर्डी होत्या. बऱ्याचशा जॅझच्या, दोन-चार रॉकच्या. साहेब संध्याकाळी पाय पसरून ऐकायचा आणि त्याची बाई दार लावून घ्यायची, म्हणजे बाहेरचे डास आत येऊ नयेत. आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. माझ्या देशातली वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते आणि तुमच्याकडची पन्नास. माझी मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर चालते. म्हणजे इकडच्या विजेवर मी आपोआप हळू फिरणार, आणि मी हळू फिरलो की गाणं संथ होतं, आवाज खाली उतरून जाडा होतो. साहेब इंजिनीअरच होता. त्याने मोटरच्या दांड्यावर बसेल अशी पितळेची छोटी टोपी करून घेतली. दांडा जाड झाला, माझा वेग वाढला आणि गाणं जागेवर आलं.

काम संपल्यावर साहेब परत निघाला. मला बरोबर न्यायचं ठरलं होतं आणि तिकडच्या विजेवर टोपी नको, म्हणून त्याने ती उपटून खिशात टाकली. मग आयत्या वेळी सामान जास्त झालं आणि बाईसाहेबांनी मलाच बाहेर काढलं. मी, माझा विजेचा दाब उतरवणारा करडा ठोकळा आणि त्या रेकॉर्डी, सगळं त्यांच्या स्वयंपाक्याच्या पदरात पडलं. टोपी मात्र साहेबाच्या खिशातून विमानात बसून गेली. टोपी गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

हा स्वयंपाकी म्हणजे उमरोळीचा वामन. त्याने मला बैलगाडीत पेंढ्यावर ठेवून घरी आणलं आणि वीज जोडल्यावर पहिल्यांदा लावलं तेव्हा निम्मं गाव दारात जमलं. मला कळत होतं की माझे पाय जड झालेत. पण मूळ चाल तिथे कुणाला ठाऊक होती? बंगल्यावर वामनचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिथे स्टोव्हच्या घरघरीत त्याला नुसती धडधड ऐकू यायची. त्यामुळे मी जसा वाजलो तसंच ते गाणं असतं, असं त्या घराने धरलं.

वामनला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो रेकॉर्डींना कव्हरावरच्या चित्रावरून नावं द्यायचा. एक टोपीवाला होता, एक तीन भाऊ होते, आणि एक होती पिवळी बाई. कव्हरावर पिवळ्या झग्यातली एक बाई खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतेय. रेकॉर्ड लावली की मागे हळूहळू ट्रम्पेट वाजायचा आणि एक जड, दमलेला, पुरुषी आवाज गायला लागायचा. वामनची बायको रखमाबाई आदल्याच वर्षी तापाने गेली होती. मुलगा एकनाथ सात-आठ वर्षांचा. तो एकदा विचारता झाला की बाबा, चित्रात बाई हाय, मग गातो कोण? वामन म्हणाला, तो तिचा नवरा. ती गेलीय, म्हणून तो गातोय.

मित्रांनो, वामन काही खोटं बोलला नव्हता. त्याला जे ऐकू आलं तेच त्याने सांगितलं. रात्रीची भांडी घासून झाली की बापलेक माझ्यासमोर बसायचे, वामन एक शब्द न कळता ते गाणं शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग डोळे पुसून दिवा मालवायचा. मी त्या घरात किती मानाने राहिलो म्हणून सांगू. माझ्यावर कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवत नसे.

मग कॅसेटी आल्या. माझी सुई झिजली, दुसरी मिळेना, आणि वामन गेल्यावर मी माळ्यावर चढलो. माझ्या एका बाजूला सुक्या बोंबलांची टोपली आणि दुसऱ्या बाजूला फुटका पाळणा. मी कुरकुरलो नाही असं म्हणणार नाही, चांगला कुरकुरलो. पण एकनाथचा मला राग नव्हता. तो बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला, पाळीची बस, मुलींची लग्नं, त्यात त्याला वर बघायला सवड नव्हती. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात शिडी लावून त्याने मला खाली काढलं. बोंबलाचा वास जाईपर्यंत पुसलं, नवं रबरी चाक बसवलं, मुंबईहून सुई आणली. पहिली रेकॉर्ड अर्थात पिवळी बाई. त्याची बायको मंदावहिनी आतून म्हणाली की कोण रडतोय हा? एकनाथ म्हणाला, आपल्याच घरचा हाय.

आता त्या मेहुलकडे येतो.

टाइल्स घ्यायला म्हणून एकनाथ त्याच्या दुकानात गेला तर आत रॉकची रेकॉर्ड वाजत होती. झालं, एका शौकीनाला दुसरा शौकीन भेटला. मेहुल एकनाथपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, हौशी, बोलका, खिशाने गरम. त्याची भाची हेमाली पालघरला दातांची डॉक्टर आहे, तिलाही तोच नाद. दर रविवारी तिघांची बैठक एकनाथकडे भरायला लागली. मंदावहिनी उकडलेल्या शेंगांची परात मध्ये ठेवायची आणि तिघांची तोंडं सुरू व्हायची. एकनाथचं म्हणणं, जुन्या रेकॉर्डीत वजन असतं, नव्या रेकॉर्डी उपाशी माणसासारख्या घाईत असतात. मेहुलचं म्हणणं, जुनं म्हणजे नुसती खरखर, आता तेच गाणं नव्याने धुऊन, जाड रेकॉर्डवर छापून येतं, ते ऐकावं. हेमाली कुठल्या तरी नव्या पोरांच्या बँडची रेकॉर्ड घेऊन यायची, जांभळ्या रंगाची, आणि दोघांनाही सांगायची की तुम्ही मेलेल्यांवर भांडताय, जिवंत माणसं पण वाजवतात. ड्रमवाला मोठा की सॅक्सोफोनवाला मोठा यावरून तर एकदा शेंगांची परात लवंडली. मला हे सगळं फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि बैठकीचा शेवट ठरलेला. एकनाथ उठायचा, पिवळी बाई लावायचा, वामनची गोष्ट सांगायचा. तिघं गप्प बसून ऐकायची.

पण मेहुलने मला कधी आपलं मानलं नाही. तो गाडीतून स्वतःचं नवं मशीन मऊ पिशवीत घालून आणायचा. चकचकीत, काळं, पातळ, अंगात जीव म्हणून नाही. ते माझ्याच टेबलावर माझ्या शेजारी मांडायचा. एकदा एकनाथने हौसेने त्याची रेकॉर्ड माझ्यावर ठेवायला घेतली तर याने झडप घालून काढून घेतली. म्हणाला, "नको एकनाथभाई, तुमच्या डबड्याची सुई माझ्या रेकॉर्डला दात लावेल." डबडं. माझ्या तोंडावर. मी जुन्या धाटणीचा आहे, माझ्या धातूच्या दांडीत थोडी वीज उतरते. पुढच्या रविवारी त्याने अनवाणी मला हात लावला आणि मी त्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आणल्या. तेवढ्याने माझं समाधान झालं असतं, मित्रांनो. पुढचं तर त्याने करायला नको होतं.

एका रविवारी तो दात काढतच आला. पिवळी बाई नव्याने छापून आली होती आणि त्याने ती मागवली होती. म्हणाला, आज फैसला करू, जुनं बरं की नवं. एकनाथ खुशीत म्हणाला, आधी तुझी लाव, मग माझी लावतो, म्हणजे तुझं तुलाच कळेल.

त्याच्या मशीनवर रेकॉर्ड फिरायला लागली. ट्रम्पेट तुरुतुरु पुढे गेला आणि एक बाई गायला लागली. चांगली मोकळ्या गळ्याची, तरुण, खट्याळ बाई. एकनाथ हसला आणि म्हणाला की तुला फसवलं रे, नव्यांनी दुसऱ्याच कुणाकडून गाऊन घेतलंय. मग त्याने आपली जुनी रेकॉर्ड माझ्यावर ठेवली आणि नवरा गायला लागला. मेहुलच्या भुवया वर गेल्या. आजवर त्याला मूळ गाणं माहीत नव्हतं, आज दोन्ही लागोपाठ कानावर पडली होती. त्याने हेमालीकडे बघितलं. हेमालीने आपला मोबाईल माझ्या थाळीवर ठेवला, त्यात फेरे मोजायची काहीतरी सोय असते. मिनिटाला तेहेतीस फेरे हवेत, माझे अठ्ठावीससुद्धा भरले नाहीत. ती हळूच म्हणाली, काका, हा प्लेअर मंद चालतोय, ही तीच बाई आहे.

मेहुल इतका हसला की शेंगदाणा घशात अडकला. हसावं, हसायला माझी हरकत नाही. पण त्याने स्वतःचा मोबाईल काढला. एकनाथ माझ्यापुढे उभा, तोंड उघडं, काय झालं ते अजून पुरतं न उमगलेला, आणि मागे नवरा गातोय. हे त्याने चित्रित करून पालघर-बोईसरच्या सगळ्या संगीतवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, पन्नास वर्षं बाईला बाप्या समजून रडणारे आमचे एकनाथभाई. आणि वामनची ती गोष्टही लिहिली. स्वयंपाक्याची गंमत म्हणून.

ते कुठल्या कुठे गेलं. बँकेत लोक गालात हसायला लागले. जुन्या कारखान्यातला एक जण भर रस्त्यात वाकून विचारता झाला, काय स्टोअरकीपर, बाई का बाप्या? सातपाटीहून येणारी मासळीवाली दारात टोपली उतरवून म्हणाली की पापलेट नर हाय का मादी ते तुमीच सांगा दादा, तुमाला कळतं. रविवारची बैठक बंद पडली. मंदावहिनीच चिडली, म्हणाली त्या मेहुलला चार शब्द सुनवा की, तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलंय?

एकनाथ म्हणाला, "माझ्यावर हसले त्याचं काय नाय गं. माझ्या बापाच्या रडण्यावर हसले."

हे मी ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवलं, याचा वचपा निघाला पाहिजे. सुदैवाने माझ्या मालकानेही तेच ठरवलं होतं. तो मऊ दिसतो, पण वामनचा मुलगा आहे, वामन मासळी साफ करताना काटा ठेवत नसे.

एकनाथने माझं पोट उघडलं, मोटरच्या दांड्याचं माप घेतलं आणि बोईसरच्या एका लेथवाल्याकडून पितळेची टोपी करून आणली. टोपी बसली आणि मी धावायला लागलो. किती वर्षांनी! पाय मोकळे झाले. पिवळी बाई माझ्याही थाळीवर खट्याळ गायला लागली. एकनाथने ती दोन मिनिटं ऐकली आणि बंद केली. त्याला गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने हेमालीला फोन लावला आणि सरळ सांगितलं की मला तुझ्या मामाची जिरवायची हाय, येतेस का? तिने माझ्यावर मोबाईल ठेवला होता ते तिला डाचत असावं. ती म्हणाली, येते, पण मी खोटं बोलणार नाही. एकनाथ म्हणाला, खोटं बोलायची गरजच पडणार नाय.

मेहुलने घरी मोठी बैठक ठेवली होती. पालघरहून ग्रुपमधली माणसं आली होती, फरसाण होतं, सरबत होतं. एकनाथ मला रिक्षातून मांडीवर घेऊन गेला. आम्हाला दारात बघून दोन-तीन जण खाकरले. एकनाथने शांतपणे सांगितलं, मेहुल, तुझा कान मोठा, तर सगळ्यांसमोर एक परीक्षा दे. तू पाठ करून बस. हेमाली तुझीच नवी रेकॉर्ड एकदा तुझ्या मशीनवर लावेल, एकदा माझ्या डबड्यावर. तू ओळखायचं. मेहुल म्हणाला, यात काय ओळखायचं, डबडं तर आंधळ्याला पण कळेल. एवढ्या लोकांत त्याला आपल्या रेकॉर्डला माझे दात लागतील याचीही आठवण राहिली नाही. आम्हा दोन्ही मशीनच्या तारा त्याच्याच स्पीकरना जोडल्या, म्हणजे आवाज एकाच जागेवरून येणार. पाहुण्यांपैकी एकाने मोबाईल सरसावला. एकनाथनेच त्याला सांगून ठेवलं होतं.

हेमालीने आधी मला लावलं. मित्रांनो, मी जीव तोडून धावलो. मग तिने तीच रेकॉर्ड त्या काळ्यावर लावली. मेहुलने पाठमोराच हात वर केला आणि म्हणाला, "बस बस, झालं. पहिलं माझं. हे दुसरं डबडं. ऐका ना, कसं रेंगाळतंय. बाईचा परत बाप्या व्हायला लागला."

कुणी हसलं नाही. हेमाली म्हणाली, "मामा, दुसरं तुमचं आहे."

त्याला खरं वाटेना. पुन्हा लाव म्हणाला. तिने पुन्हा लावलं आणि तो पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तो बराच वेळ कान देऊन बसला आणि त्याला सांगताच येईना. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि एक हसला की बाकीचे थांबत नाहीत. एकनाथने मला काखोटीला मारलं आणि निघताना एवढंच म्हणाला की मशीन चांगलं हाय मेहुल, कानाचं बघ. घरी पोचायच्या आत ते चित्रीकरण ग्रुपवर होतं. वर एकनाथनेच लिहायला सांगितलं होतं, बोईसरचे कान.

काय सांगू तो आनंद! मी रिक्षाभर थरथरत होतो. पुढे तर आणखी मजा. हेमाली येऊन सांगायची की मामा हल्ली गाणं ऐकतच नाही. मशीनचा रबरी पट्टा बदलतो, ते सपाट बसलंय का ते मोजून बघतो, प्रत्येक रेकॉर्डवर मोबाईल ठेवून फेरे मोजतो. फेरे बरोबर येतात तरी त्याला वाटतं, कुठेतरी रेंगाळतंय. त्याने दुसरं मशीन आणलं, तेही त्याला रेंगाळतंय असंच वाटलं. माझा हिसका म्हणजे काय असतो ते त्याला आता कळत होतं. एकनाथ ऐकून समोरच्या शेंगा सावकाश सोलायचा. मी मात्र मनात म्हणायचो, अजून भोग.

मग एका दुपारी मंदावहिनी मुलीकडे गेली होती तेव्हा एकनाथने माझं पोट उघडलं आणि टोपी काढून बाजूला ठेवली. उट्टं काढून झालं होतं, आता त्याला त्याचं गाणं हवं होतं. मी पूर्वीसारखा जड पायांनी फिरायला लागलो. पिवळी बाई लागली. एकनाथ डोळे मिटून वाट बघत राहिला. पण नवरा आलाच नाही. आवाज तोच, वेग तोच, तरी त्याला आता ओढून ताणून संथ केलेली एक बाईच ऐकू येत होती. एकदा कळलेलं न कळलेलं कसं करणार? त्याने सुई उचलली, पुन्हा पहिल्यापासून ठेवली, पुन्हा उचलली. मग झाकण लावलं. त्याची आई तर तो लहान असतानाच गेली होती. त्या दुपारी त्याचा बापही पुन्हा गेला.

मला वाटलं होतं, मेहुलची जिरली की सगळं जागच्या जागी येईल. तसं काही झालं नाही, आणि त्याचाही राग मी मेहुलवरच काढला.

काही दिवसांनी मेहुल स्वतः आला. सकाळची वेळ, हातात फाफड्याचा पुडा. मंदावहिनीने चहा ठेवला. तो खुर्चीच्या टोकावर बसला, उतरला होता, दाढी वाढली होती. माझ्याकडे बघत म्हणाला, "एकनाथभाई, घरी मला काही ऐकवत नाही. सारखं वाटतं, हळू आहे, जलद आहे. तुमचं ते गाणं लावा ना. आधी वाजायचं तसं. मी हसलो त्या दिवशी. पण ते चांगलं होतं. मी दर रविवारी त्याच्यासाठीच थांबायचो."

एकनाथने पुड्याला हात लावला नाही. म्हणाला, "तो नवरा मेला, मेहुल. तू मारलास. आता मी कुठून आणू?"

मेहुल चहा अर्धा टाकून उठला. पायात चपला घालताना त्याला पट्टा सापडत नव्हता. मी झाकणाखाली बसून ते ऐकत होतो आणि सांगतो, माझ्या आयुष्यात माझ्यावर इतक्या रेकॉर्डी वाजल्या, पण एकनाथच्या त्या तीन वाक्यांइतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं. असं तोडून बोलायला हवं. बरं झालं.

त्यानंतर झाकण उघडलं नाही. हेमाली यायची कमी झाली. मंदावहिनीने माझ्यावर विणलेला रुमाल टाकला आणि हळूहळू टीव्हीचा रिमोट तिथेच राहायला लागला. मी ताठ बसून राहिलो. आपण जिंकलो आहोत, असं स्वतःला सांगत राहिलो.

आता परवाची गोष्ट ऐका. आमचं घर उमरोळीच्या रेल्वे फाटकाला लागून आहे. फाटक पडलं की रस्त्यावरच्या गाड्या आमच्या खिडकीपाशी येऊन थांबतात. दुपार टळत होती, एकनाथ खिडकीत वाल सोलत बसला होता, आणि मालगाडीसाठी फाटक पडलं. एक स्कूटर येऊन थांबली आणि बंद झाली. मेहुलचं टाइल्सचं गोडाऊन पलीकडे आहे, तो इथूनच जातो. त्याने आमच्या घराकडे बघितलंही नाही. हँडलवर हात ठेवून, समोर रुळांकडे बघत तो गुणगुणायला लागला.

मित्रांनो, तो ते गाणं गुणगुणत होता. ते नव्या रेकॉर्डवरचं नाही. माझं. जड पायांचं, संथ, खाली उतरलेलं. शब्द त्याला येत नव्हते, आमच्या वामनलाही कधी आले नव्हते. भरदार पुरुषी गळ्याने, दमून, एकेक सूर ओढत तो गात होता, आणि आपण गातोय हे त्याला ठाऊकही नव्हतं. तो नवरा होता. हुबेहूब तोच.

एकनाथच्या हातातला वाल तसाच राहिला. तो उठला. खिडकीशी न जाता माझ्याकडे आला, रिमोट उचलला, रुमाल बाजूला केला आणि झाकणाच्या कडेला बोटं घातली. बाहेर मालगाडी जात होती, तिच्या खडखडाटातही ते गुणगुणणं मधूनमधून ऐकू येत होतं. मी, डूख धरणारा मी, मोटरच्या देठापासून ओरडत होतो की उघड. उघड आणि त्याला हाक मार. मग गाडी गेली, फाटक वर झालं, स्कूटर सुरू झाली आणि आवाज बोईसरच्या दिशेने निघून गेला. एकनाथने बोटं काढून घेतली. रुमाल नीट केला आणि रिमोट जागेवर ठेवला. वाल सोलायला बसला, पण साली आणि दाणे एकाच ताटात टाकत होता.

कहाणीच्या शेवटी आम्हा जुन्या वस्तूंना काहीतरी मागायची मुभा असते. धूळ पुसा, तेल घाला, भंगारात देऊ नका, असलं काही मी मागत नाही. माझं एकच काम करा. तुमच्यापैकी कुणी उमरोळीच्या फाटकापाशी थांबलात तर डावीकडच्या घरात जा आणि एकनाथला सांगा की तो नवरा मेलेला नाही, तो मेहुलच्या गळ्यात आहे. त्याने स्वतः ऐकलंय, तरी सांगा, कारण दुसऱ्याने सांगितल्याशिवाय त्याला ते पटणार नाही आणि मला सांगता येत नाही. कुणी सुई ठेवल्याशिवाय मला तोंड नाही. त्याला म्हणावं, मेहुलला माफ करू नकोस. मीही करणार नाही. नुसतं त्याला आत बोलाव, आणि माझं झाकण उघड.